ठिपक्यांची वाट न पाहता: प्रौढांमधील मेनिंगोकोकल संसर्गाची ओळख आणि उपचार

कोकणातील एका ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तेवीस वर्षांचा एक तरुण एका दिवसाचा ताप, तीव्र डोकेदुखी आणि पिंढऱ्यांतील असह्य वेदना घेऊन रात्री आला. पावसाळ्याचे दिवस असल्याने डेंग्यू किंवा लेप्टो असावा असे धरून त्याला दाखल केले आणि सलाइन लावले. पहाटे पायांवर जांभळे डाग दिसू लागले, रक्तदाब घसरला, तेव्हा सेफ्ट्रिॲक्सोन हे प्रतिजैविक देऊन त्याला वैद्यकीय महाविद्यालयात पाठवण्यात आले. तेथे रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, मेनिंगोकोकस हा जंतू सापडला. या घटनेला चार दिवस झाले असून रुग्ण अतिदक्षता विभागात आहे आणि सुधारतो आहे. हा आजार आधी ओळखता आला असता का, तपासणीची सोय नसलेल्या ठिकाणी प्रतिजैविक आधी द्यावे का, आणि त्या रात्री रुग्णाजवळ असलेल्या कर्मचाऱ्यांनी काय करावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

डॉक्टर, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी देतो, कारण त्याच्यावरच रुग्णाचे जगणे अवलंबून असते. होय, प्रतिजैविक आधी द्यावे. आपण रुग्णवाहिका येण्यापूर्वी इंजेक्शन दिले, हे योग्य केले. तेच इंजेक्शन काही तास आधी देता आले असते का, हा विचार आपल्याला छळत असणार हे मी समजू शकतो, आणि म्हणूनच हे उत्तर जरा सविस्तर लिहीत आहे.

मेनिंगोकोकस हा जंतू १८८७ साली व्हिएन्नामध्ये वाइक्सेलबाउम यांनी प्रथम वेगळा करून दाखवला. आज साधारणपणे दहापैकी एका प्रौढाच्या नाक-घशात तो काहीही त्रास न देता राहत असतो, आणि वसतिगृहे, लष्करी छावण्या, यात्रा अशा दाटीच्या ठिकाणी हे प्रमाण वाढते. फार थोड्या लोकांमध्ये तो श्लेष्मल त्वचा (नाक-घशाचे ओलसर अस्तर) ओलांडून रक्तात शिरतो, बहुधा घशात पोहोचल्यानंतर तीन-चार दिवसांत. तेथून त्याच्या दोन वाटा असतात. मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊन तेथे सूज निर्माण केली तर मेनिंजायटिस होतो. रक्तातच झपाट्याने वाढून त्याच्या आवरणातील एंडोटॉक्सिन हे विष सर्वत्र पसरले तर सेप्टिक शॉक येतो, म्हणजे रक्तदाब कोसळून अवयवांना रक्त पुरत नाही, आणि रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते. अनेक रुग्णांमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. मात्र दुसऱ्या प्रकारात मान ताठ नसते, रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो, प्रश्नांची नीट उत्तरे देतो, आणि तरीही तोच प्रकार अधिक जीवघेणा असतो. मान ताठ नाही म्हणून निर्धास्त राहणे ही या आजारातील सर्वांत महाग पडणारी चूक आहे. योग्य उपचार मिळूनही दर शंभरांपैकी दहा ते पंधरा रुग्ण दगावतात आणि वाचलेल्यांपैकी दहा ते वीस टक्के लोकांना बहिरेपणा, मेंदूची इजा किंवा बोटे-अवयव गमावणे असे कायमचे नुकसान सोसावे लागते.

आता ओळखण्याविषयी. पहिल्या काही तासांत हा आजार कोणत्याही साध्या तापासारखाच दिसतो, आणि त्या टप्प्यावर निदान चुकले तर त्याबद्दल कोणालाही दोष देता येणार नाही. परंतु काही खुणा ठिपक्यांच्या आधी येतात. लहान मुलांवर आणि किशोरांवर झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात पाय दुखणे, ताप असूनही हातपाय थंडगार असणे आणि त्वचेचा रंग फिका किंवा चट्टेदार होणे ही लक्षणे ताठ मान आणि पुरळ यांच्या बरीच आधी आढळली होती. प्रौढांमध्येही मी हेच पाहत आलो आहे. शरीर महत्त्वाच्या अवयवांकडे रक्त वळवत असते, म्हणून हातपाय गार पडतात. तरुण रुग्णाचा रक्तदाब शेवटपर्यंत टिकून राहतो आणि मग अचानक कोसळतो. त्यामुळे रक्तदाब ११०/७० आहे एवढ्यावर समाधान मानू नये. नाडी १३० आहे का, श्वास जलद आहे का, नखावर दाब देऊन सोडल्यावर रंग परतायला तीन सेकंदांपेक्षा अधिक वेळ लागतो का, लघवी शेवटची कधी झाली, हे विचारावे आणि पाहावे. काही रुग्ण तर उलट्या, जुलाब आणि पोटदुखी घेऊन येतात आणि गॅस्ट्रोच्या नावाखाली सलाइन घेत पडून राहतात.

मेनिंजायटिसच्या बाबतीत पुस्तकात शिकवलेले ताप, ताठ मान आणि बदललेली शुद्ध हे त्रिकूट फारसे विश्वासार्ह नाही. नेदरलँड्समधील प्रौढांच्या मेनिंजायटिसच्या ६९६ घटनांच्या २००४ सालच्या मोठ्या अभ्यासात ही तिन्ही लक्षणे केवळ ४४ टक्के रुग्णांत एकत्र होती. मात्र त्यांत डोकेदुखी धरून या चारांपैकी किमान दोन लक्षणे ९५ टक्के रुग्णांत होती. व्यवहारात हाच नियम धरावा. कर्निग आणि ब्रुडझिन्स्की या, पाय किंवा मान वाकवून तपासायच्या, खुणा असल्या तर अर्थ आहे, पण नसल्या म्हणून काहीही सिद्ध होत नाही, कारण प्रौढांमध्ये त्या जेमतेम पाच टक्के रुग्णांत सापडल्याची नोंद आहे.

पुरळाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. मेनिंगोकोकल मेनिंजायटिसच्या सुमारे दोनतृतीयांश प्रौढांमध्ये ते दिसते, म्हणजेच एकतृतीयांशांत दिसत नाही. सुरुवातीला ते दाबल्यावर विरणारे, गुलाबीसर, गोवरासारखेही असू शकते, आणि मग काही तासांत त्यातूनच टाचणीच्या टोकाएवढे, दाबूनही न विरणारे ठिपके उमटतात. स्वच्छ काचेचा पेला त्वचेवर दाबून त्यातून पाहण्याची पद्धत सोपी आहे आणि ती नातेवाइकांनाही शिकवता येते. परंतु आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर ट्यूबलाइटच्या उजेडात हे ठिपके सहज निसटतात. खालची पापणी ओढून आतला भाग, टाळू, तळहात आणि तळपाय टॉर्चच्या उजेडात पाहावेत. याशिवाय कपड्यांचा किंवा वस्तूंचा दाब पडतो त्या जागा मुद्दाम उघड्या कराव्यात: पायजम्याची किंवा परकराची नाडी बांधतात ती कंबर, पट्ट्याखालची त्वचा, घड्याळाखालचे मनगट, मोज्याच्या इलॅस्टिकची रेघ, आणि रक्तदाब मोजण्याचा पट्टा बांधलेला दंड.

निवासी डॉक्टर असताना वसतिगृहात राहणारी एकोणीस वर्षांची एक विद्यार्थिनी आमच्याकडे रात्री आली होती. ताप होता, पाय दुखत होते, मान मऊ होती आणि ती माझ्याशी नीट बोलत होती. मी छाती, पोट आणि पाठ पाहिली आणि पुरळ नाही असे केसपेपरवर लिहिले. सिस्टरांनी तिच्या पायांतले मोजे काढले, तेव्हा घोट्याच्या वर इलॅस्टिकच्या खुणेवर लालसर-जांभळ्या ठिपक्यांचे कडे दिसले. सिस्टरांनी बॉलपेनने त्यांतल्या सर्वांत वरच्या ठिपक्याभोवती गोल केला आणि वेळ लिहिली. चाळीस मिनिटांनी ठिपके त्या गोलाच्या चार बोटे वर सरकले होते. तेव्हापासून मी हीच पद्धत वापरतो, कारण ठिपके आहेत की नाहीत एवढेच न पाहता ते किती वेगाने वाढत आहेत हे पाहिले की संशयाला फारशी जागा उरत नाही.

हा वेगच डेंग्यूपासून फरक करण्यास सर्वाधिक उपयोगी पडतो. डेंग्यूमधील रक्तस्रावाचे ठिपके बहुधा तापाच्या तिसऱ्या ते सहाव्या दिवशी, ताप उतरत असताना येतात, तर मेनिंगोकोकसचे पहिल्याच दिवशी, ताप चढलेला असताना आणि तासातासाला वाढत येतात. डेंग्यूत पांढऱ्या पेशी सहसा कमी असतात आणि मेनिंगोकोकसमध्ये बहुधा वाढलेल्या. पण अतितीव्र संसर्गात त्याही घसरतात आणि ते वाईट लक्षण असते. प्लेटलेट दोन्हींत कमी होतात, त्यामुळे केवळ प्लेटलेटच्या आकड्यावरून डेंग्यूचे लेबल लावू नये. आपल्या रुग्णाच्या पिंढऱ्या दुखत होत्या म्हणून लेप्टोचा विचार आला, हे कोकणात स्वाभाविकच आहे. लेप्टोत डोळे लाल होतात, गंभीर रुग्णांत पुढे कावीळ दिसते आणि आजार काही दिवसांत वाढत जातो. येथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, ती म्हणजे सेफ्ट्रिॲक्सोन लेप्टोवरही चालते, त्यामुळे दोहोंत संशय असताना ते देण्याने काहीच गमावले जात नाही. रिकेट्सियाच्या, म्हणजे गोचीड-पिसवांसारख्या कीटकांमार्फत पसरणाऱ्या जंतूंच्या, तापांवर मात्र ते चालत नाही. तळहात-तळपायांवर पुरळ, अंगावर काळी खपली किंवा गोचिडांशी संपर्क असेल तर डॉक्सिसायक्लिन जोडीने सुरू करावे. मलेरियाची तपासणी प्रत्येकाची करावीच.

आता प्रत्यक्ष उपचार. संशय मनात आला की सेफ्ट्रिॲक्सोन दोन ग्रॅम शिरेतून द्यावे आणि पुढे दर बारा तासांनी तेवढाच डोस चालू ठेवावा. आपल्याकडे या औषधाची एक ग्रॅमची व्हायल मिळते आणि सवयीने एकच दिली जाते. येथे दोन व्हायल लागतात, हे ड्यूटीवरच्या प्रत्येकाला सांगून ठेवावे. सुई लावण्याआधी, जमल्यास, ब्लड कल्चरसाठी रक्त काढावे. बाटली नसेल तर त्यासाठी पाच मिनिटेही थांबू नये. शीर मिळत नसेल तर औषध दोन्ही मांड्यांत विभागून स्नायूत द्यावे. मात्र शॉकमधील रुग्णात स्नायूतून औषध नीट शोषले जात नाही, त्यामुळे शिरेचा प्रयत्न सोडू नये. स्नायूतील इंजेक्शनसाठी लिग्नोकेनमध्ये विरघळवलेले औषध चुकूनही शिरेतून जाऊ देऊ नये. तसेच रिंगर लॅक्टेट चालू असलेल्या नळीतूनच सेफ्ट्रिॲक्सोन सोडू नये. त्यातील कॅल्शियमशी त्याचा साका होतो, म्हणून नळी आधी साध्या सलाइनने धुवून घ्यावी किंवा दुसरी शीर वापरावी. सेफ्ट्रिॲक्सोन संपलेले असेल तर सेफोटॅक्सिम दोन ग्रॅम दर सहा तासांनी चालते, आणि काहीच नसेल तर बेंझिलपेनिसिलिन १.२ ग्रॅम देऊन रुग्ण हलवावा. पेनिसिलिनने पूर्वी अंगावर साधे पुरळ आले होते म्हणून सेफ्ट्रिॲक्सोन रोखण्याचे कारण नाही. श्वास कोंडण्यासारखी खरी तीव्र ॲलर्जी झाली असेल तर क्लोरॅम्फेनिकॉल प्रति किलो २५ मिलिग्रॅम दर सहा तासांनी हा जुना आणि आजही कामाचा पर्याय आहे.

पाठीच्या कण्यातले पाणी काढणे (लंबर पंक्चर) महत्त्वाचे आहे, पण ते प्रतिजैविकाच्या वाटेत येता कामा नये. मी स्वतः ही चूक एकदा केली आहे. एका मोठ्या रुग्णालयात काम करताना, ताप आणि गुंगी असलेल्या एका मध्यमवयीन गृहस्थांचा आधी सीटी स्कॅन, मग लंबर पंक्चर आणि मग औषध असा क्रम मी लावला. स्कॅनची रांग, तंत्रज्ञ येण्याचा वेळ आणि ट्रॉलीची वाट यांत तीन तासांहून अधिक वेळ गेला. ते वाचले, परंतु दोन्ही कानांनी कायमचे बहिरे झाले. आधी इंजेक्शन दिले असते तर कान वाचले असते का, याचे उत्तर मला कधीच मिळणार नाही, आणि म्हणूनच हा क्रम मी पुन्हा कधीही लावला नाही. प्रतिजैविक दिल्यावर मेनिंगोकोकस दोन तासांतच पाण्यातून नाहीसा होऊ शकतो हे खरे आहे, पण वाढलेल्या पेशी, वाढलेले प्रथिन आणि घटलेली साखर त्यानंतरही निदान सांगतात, आणि पीसीआर तपासणी त्यानंतर काही दिवसही होकारार्थी येऊ शकते. रुग्ण शॉकमध्ये असेल, ठिपके झपाट्याने पसरत असतील, प्लेटलेट चाळीस हजारांच्या खाली असतील, फिट्स येत असतील, शुद्धीचा ग्लासगो गुणांक १२ किंवा त्याखाली असेल किंवा डोळ्याच्या पडद्यावर सूज असेल तर सुई घालूच नये. ग्रामीण रुग्णालयात पाणी काढण्याचा आग्रह धरण्याचीही गरज नाही. औषध देऊन रुग्ण हलवणे अधिक मोलाचे आहे.

शॉकच्या उपचारात ५०० मिलिलिटर सलाइन किंवा रिंगर पंधरा मिनिटांत द्यावे, मग नाडी, हातापायांची ऊब आणि फुप्फुसांतील आवाज पुन्हा तपासावेत, आणि प्रति किलो सुमारे ३० मिलिलिटरपर्यंत जाऊनही दाब उचलत नसेल तर रक्तदाब वाढवणारे नॉरॲड्रेनॅलिन सुरू करावे. उद्दिष्ट सरासरी रक्तदाब ६५ ठेवण्याचे असावे. मेंदूला सूज येईल या भीतीने शॉकमधील रुग्णाचे पाणी तोडण्याची जुनी पद्धत आता सोडून द्यावी. रक्तातील साखर हमखास पाहावी. मूत्रपिंडांवरच्या दोन्ही ॲड्रेनल ग्रंथींत रक्तस्राव होणे ही या आजाराची कुप्रसिद्ध गुंतागुंत आहे, त्यामुळे औषधांनाही न जुमानणाऱ्या शॉकमध्ये हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला २०० मिलिग्रॅम विभागून द्यावे. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा विषय वेगळा आहे. मेनिंजायटिसचा संशय असून जंतू कोणता हे माहीत नसेल तर १० मिलिग्रॅम शिरेतून, प्रतिजैविकाच्या किंचित आधी किंवा सोबत द्यावे आणि दर सहा तासांनी चालू ठेवावे, कारण न्यूमोकोकस या मेनिंजायटिसच्या दुसऱ्या जंतूच्या बाबतीत त्याचा लाभ सिद्ध झाला आहे. आपल्याकडील ८ मिलिग्रॅमच्या एका व्हायलने हा डोस पुरा होत नाही, सव्वा व्हायल लागते. मेनिंगोकोकस निश्चित झाला की ते बंद करता येते. जंतू ठरेपर्यंत व्हँकोमायसिन जोडणे आणि पन्नाशी उलटलेल्या किंवा प्रतिकारशक्ती घटलेल्या रुग्णात लिस्टेरिया या जंतूसाठी ॲम्पिसिलिन देणे हे मोठ्या रुग्णालयाने ठरवावे. मेनिंगोकोकस सिद्ध झाल्यावर सेफ्ट्रिॲक्सोन एकटेच पाच ते सात दिवस पुरते, आणि बोटांवरचे काळे डाग अजून गेले नाहीत म्हणून ते चौदा दिवस ओढण्यात काही अर्थ नाही.

त्या काळ्या पडलेल्या त्वचेबाबत शल्यचिकित्सकांनी घाई करू नये, एवढे मी नेहमी विनवतो. स्नायूंत दाब वाढला असेल किंवा ओला जंतुदोष झाला असेल तर गोष्ट निराळी, अन्यथा जिवंत आणि मृत भागांची सीमा स्पष्ट व्हायला काही आठवडे लागतात आणि अनेकदा सुरुवातीला गेल्यासारखी वाटणारी बोटे बरीचशी वाचतात. आपला रुग्ण घरी जाण्यापूर्वी त्याची श्रवणचाचणी करून घ्या, आणि जमले नाही तर चार आठवड्यांच्या आत नक्की करा. आजाराच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सांधे सुजले किंवा पुन्हा ताप आला तर ती बहुधा प्रतिकारयंत्रणेची प्रतिक्रिया असते, हेही त्याच्या घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

आता संपर्कातील लोकांविषयी. आजार सुरू होण्याआधीच्या सात दिवसांत एकाच घरात किंवा वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहिलेले लोक आणि चुंबनाइतका निकट संबंध आलेली व्यक्ती यांना प्रतिबंधक औषध द्यावे, शक्यतो चोवीस तासांत. चौदा दिवस उलटल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. एकाच बसने प्रवास केलेल्या किंवा एकाच कार्यालयात बसणाऱ्या सर्वांना गोळ्या वाटणे अनावश्यक आहे आणि त्यातून घबराटच पसरते. सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी सोयीची असली, तरी दिल्लीत १९६६ आणि १९८५ नंतर २००५ मध्ये अ गटाच्या मेनिंगोकोकसची जी मोठी साथ आली, त्या वेळच्या जंतूंमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद कमी असल्याचे आढळले होते. म्हणून मी भारतात सेफ्ट्रिॲक्सोन २५० मिलिग्रॅम स्नायूत एकदाच, किंवा रिफॅम्पिसिन ६०० मिलिग्रॅम दर बारा तासांनी दोन दिवस, हे पर्याय पसंत करतो. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम घटतो, हे न सांगता ते हाती देऊ नये. जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांना संशयाच्या टप्प्यावरच दूरध्वनी करावा, कारण पुढची यादी आणि पाठपुरावा तेथूनच होतो.

लसीचा उल्लेख येथे आवश्यक आहे, कारण बरे झालेल्या रुग्णाच्या घरचे हमखास विचारतात. अ, क, वाय आणि डब्ल्यू या चार गटांवरची संयुग्म लस भारतात उपलब्ध आहे. हज आणि उमराहसाठी ती अनिवार्य आहे, प्लीहा काढलेल्या किंवा जन्मतः कॉम्प्लिमेंट या प्रतिकारयंत्रणेतील प्रथिनांची उणीव असलेल्यांना ती द्यायलाच हवी, आणि परदेशी विद्यापीठांच्या वसतिगृहांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांकडे ती अनेकदा मागितली जाते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या अ गटाच्या लसीने २०१० पासून आफ्रिकेच्या मेनिंजायटिस पट्ट्यातील त्या गटाच्या साथी जवळपास संपवल्या, आणि त्याच संस्थेत तयार झालेल्या, एक्स गटही सामावणाऱ्या पाच गटांच्या लसीचा वापर २०२४ मध्ये नायजेरियाने सर्वप्रथम सुरू केला. आपल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र त्याचा मेनिंगोकोकस कोणत्या गटाचा आहे हे प्रयोगशाळेकडून कळवून घ्या, म्हणजे घरच्यांना लस द्यावी का हे ठरवता येईल.

राहिला आपल्या कर्मचाऱ्यांचा प्रश्न. रुग्णाला सलाइन लावणारे, त्याचा रक्तदाब मोजणारे, ट्रॉली ओढणारे, रुग्णवाहिकेचे चालक, यांपैकी कोणालाही औषधाची गरज नाही, आणि आपल्यालाही नाही. परंतु आपण लिहिले आहे की पहाटे उलटी झाल्यावर एका परिचारिकेने मास्क नसताना त्याच्या घशातले स्राव सक्शनने काढले, तेव्हा ते तिच्या चेहऱ्यावर उडाले आणि ती पाच महिन्यांची गर्भवती आहे. तिला रिफॅम्पिसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन न देता सेफ्ट्रिॲक्सोन २५० मिलिग्रॅम स्नायूत द्यावे. ते गरोदरपणात सुरक्षित आहे, चार दिवस होऊन गेले असले तरी मुदत संपलेली नाही, आणि इंजेक्शन आजच, आपल्या समोर दिले जावे. पुढचे दहा दिवस तिला ताप, डोकेदुखी किंवा पायदुखी यांपैकी काहीही झाले तर रात्री कितीही वाजलेले असोत, तिने थेट रुग्णालयात यावे हे तिला आणि तिच्या घरच्यांना मराठीत, कागदावर लिहून द्यावे.